कायद्याच्या फटीतून आलेले सण: ज्यू गूढवाद्यांनी कॅलेंडरात काय काय घुसवलं

शुक्रवारी दिवस मावळायच्या सुमारास जगातल्या कुठल्याही सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात जा, जेरुसलेमला, न्यूयॉर्कला किंवा मुंबईला, एक गाणं हमखास कानावर पडतं. 'लेखा दोदी'. 'चल सख्या, नवरीला सामोरे जाऊ' असं त्याचं ध्रुपद. नवरी म्हणजे शब्बाथ, शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होणारा विश्रांतीचा दिवस. शेवटचं कडवं आलं की सगळी मंडळी पाठीमागे वळतात, दाराकडे तोंड करतात, जरासं झुकतात आणि कुणी खरोखरच उंबरठ्यावर उभं असल्यासारखं 'ये नवरी, ये नवरी' म्हणतात. मग पुन्हा पुढे वळून नेहमीची प्रार्थना सुरू.

पाहणाऱ्याला वाटतं, मोशेच्या (मोझेसच्या) काळापासून हे असंच चालत आलेलं असणार. तसं मुळीच नाही. हे गाणं सोळाव्या शतकातलं आहे. तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, त्याचा मागमूस नाही, तालमूद या धर्मपंडितांच्या चर्चांच्या जुन्या संग्रहातही नाही. आजच्या उत्तर इस्रायलमधल्या त्सफात नावाच्या डोंगराळ गावात काही मूठभर माणसांनी एक नवी रीत सुरू केली आणि शंभर-दोनशे वर्षांत ती इतकी मुरली की आता ती नसेल तरच लोकांना चुकल्यासारखं वाटतं.

ज्यू धर्म म्हटला की आपल्यासमोर येतो तो कायदा. तोरामधल्या ६१३ आज्ञा, त्यांवरची चर्चा, त्या चर्चेवरच्या टीका. काय खायचं, दिवा कधी लावायचा, शनिवारी काय करायचं नाही, सगळं बारकाईने ठरलेलं. अशा बंदिस्त घरात नव्या गोष्टीला शिरायला वाव कुठून मिळणार? पण वाव होता. कायदा सांगतो काय करायचं. ते करताना नेमकं काय घडतं, हे तो फारसं सांगत नाही. शिवाय वर्षाच्या चक्रात असे कितीतरी दिवस आहेत, ज्यांना नाव आहे पण विधी नाही. गूढवाद्यांनी बिऱ्हाड थाटलं ते याच मोकळ्या जागांत. त्यांनी शक्यतो काही मोडलं नाही, फक्त भर घातली. आणि ज्यांनी मोडलं त्यांचं काय झालं, तेही पुढे येईलच.

कबाला: कामापुरती ओळख

ज्यू गूढवादाच्या मुख्य प्रवाहाला कबाला म्हणतात. त्याचा सगळ्यात मोठा ग्रंथ झोहर. परंपरा त्याचं श्रेय दुसऱ्या शतकातल्या रब्बी (धर्मगुरू) शिमोन बार योखाय यांना देते. गेर्शोम शोलेम या जेरुसलेमच्या अभ्यासकाने विसाव्या शतकात भाषेच्या आधारे दाखवून दिलं की ग्रंथाचा बराचसा भाग तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये लिहिला गेला आणि त्यामागे मुख्यतः मोशे दे लेओन यांचा हात होता. श्रद्धाळू घरांत हे अजूनही मान्य नाही.

कबालाची मांडणी थोडक्यात अशी. देव मूळ रूपात अमर्याद आहे, त्याच्याबद्दल काहीच बोलता येत नाही. पण तो जगाशी दहा शक्तींच्या मार्फत संबंध ठेवतो. त्यांना सेफिरोत म्हणतात. एक करुणेची, एक कठोर न्यायाची, एक त्या दोहोंचा तोल राखणारी, असं करत दहावी येते ती मलखुत, म्हणजेच शेखिना. शेखिना हे देवाचं या जगात वस्तीला असलेलं रूप, आणि कबालामध्ये ते स्त्रीरूप आहे. ज्यू लोक परागंदा झाले तेव्हा तीही त्यांच्याबरोबर परागंदा झाली आणि वरच्या शक्तींपासून तिची ताटातूट झाली. माणसाने एखादी आज्ञा मनापासून पाळली की ही ताटातूट क्षणभर मिटते.

यातली उलटापालट लक्षात घ्या. इथे माणूस देवाकडे काही मागत नाही, देवाचं काहीतरी दुरुस्त करतो.

सोळाव्या शतकात यित्झाक लुरिया यांनी या मांडणीला एक विलक्षण कथा जोडली. सुरुवातीला सर्वत्र देवच होता. जगाला जागा मिळावी म्हणून त्याने स्वतःला आक्रसून घेतलं. त्या पोकळीत त्याचा प्रकाश पात्रांमध्ये ओतला गेला. पात्रांना तो पेलवला नाही, ती फुटली. प्रकाशाच्या ठिणग्या सगळ्या सृष्टीत विखुरल्या, दगडात, फळात, भाकरीच्या तुकड्यात. घास तोंडात घालण्याआधी आशीर्वचन म्हटलं की त्या घासातली ठिणगी सुटते आणि वर जाते. या दुरुस्तीच्या कामाला ते तिक्कून म्हणत.

१४९२ साली स्पेनने ज्यूंना हाकललं. त्या विस्थापितांच्या पुढच्या पिढ्यांतली माणसं त्सफातला जमली होती. फुटलेल्या पात्रांची ही कथा त्या हद्दपारीच्या जखमेतून आली, असं शोलेम यांचं म्हणणं होतं. मोशे इदेल यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी ते खोडून काढलं आहे. मलाही शोलेम यांचा सिद्धांत जरा जास्तच नीटनेटका वाटतो. दुःख झालं म्हणून तत्त्वज्ञान सुचलं, हे सांगायला सोपं आहे, पण लुरियांच्या शिष्यांच्या लिखाणात स्पेनचा शोक फारसा सापडत नाही.

त्सफातचा शुक्रवार

त्सफात तेव्हा उस्मानी तुर्कांच्या ताब्यात होतं. छोटंसं गाव, पण त्या पन्नास वर्षांत तिथे जी माणसं एका वेळी नांदत होती, त्यांची यादी थक्क करणारी आहे. योसेफ कारो, ज्यांचा 'शुल्खान आरुख' हा कायद्याचा संग्रह १५६५ साली व्हेनिसला छापून झाला आणि आजही सनातनी ज्यूंचं रोजचं जगणं त्यावर चालतं. मोशे कोर्दोवेरो, कबालाची पद्धतशीर मांडणी करणारे. श्लोमो अल्काबेत्झ, 'लेखा दोदी'चे कवी आणि कोर्दोवेरोंचे मेहुणे. आणि लुरिया, जे १५७० साली तिथे आले आणि १५७२ साली साथीत वारले. जेमतेम ३८ वर्षांचं आयुष्य, त्सफातमधली त्यातली दोन-अडीच वर्षं. त्यांनी स्वतः फार थोडं लिहिलं. जे आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः त्यांचे शिष्य खाईम विताल यांच्या वह्यांमधून.

शुक्रवारी दुपारी ही मंडळी स्नान करून पांढरे कपडे घालत आणि गावाबाहेरच्या शेतात जात. तिथे मावळतीकडे तोंड करून स्तोत्रं म्हणत आणि शब्बाथला घेऊन घरी येत. याला एक जुना आधार होता. तालमूदमध्ये एका रब्बींची आठवण आहे की ते शुक्रवारी संध्याकाळी अंगावर वस्त्र पांघरून 'चला, शब्बाथ राणीला सामोरे जाऊ' असं म्हणत. एवढीच ओळ. त्या एका ओळीतून त्सफातकरांनी पूर्ण सोहळा उभा केला. कामाच्या सहा दिवसांची सहा स्तोत्रं आणि शेवटी नवरीचं गाणं. गाण्याच्या पहिल्या आठ कडव्यांची आद्याक्षरं जुळवली की कवीचं नाव निघतं, श्लोमो हलेवी.

नवरी कोण, हे आता उघड आहे. शब्बाथ म्हणजे शेखिना. आठवडाभर दूर असलेली, आज घरी येणारी. शुक्रवारचं जेवण, मेजावरच्या पोळ्या, नवऱ्याने बायकोची स्तुती करणारं नीतिसूत्रांमधलं कवन म्हणणं, नवरा-बायकोचं त्या रात्रीचं मीलनसुद्धा, सगळ्याला वरच्या जगातल्या मीलनाचा अर्थ आला. कायद्याने यातलं बरंचसं आधीच सांगितलं होतं. अर्थ नवा होता.

आजच्या सिनेगॉगमधली बहुतेक माणसं शेखिना, सेफिरोत वगैरे काही मनात न आणता दाराकडे वळतात. शेतात कुणी जात नाही. शेताचं दार झालं, एवढंच.

जागरण आणि कॉफी

शावुओत हा सण सिनाय पर्वतावर तोरा मिळाल्याचा. पेसाहला (मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेच्या सणाला) माझ्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी आहे, सुक्कोतला (सुगीच्या सणाला) मांडव आहे, पण शावुओतला स्वतःचा असा विधीच नाही. म्हणजे मोकळी जागा.

झोहरमध्ये म्हटलं आहे की या रात्री जुने भक्त झोपत नसत, नवरीला लग्नासाठी सजवत बसत. मिद्राशमधली, म्हणजे तोरावरच्या जुन्या कथा-टीकांमधली, एक गोष्ट याला जोडली गेली: तोरा मिळायच्या दिवशी सकाळी इस्रायली लोक चक्क झोपून राहिले होते आणि मोशेला त्यांना उठवावं लागलं. त्याची भरपाई म्हणून रात्रभर जागायचं.

अल्काबेत्झ यांनी एका पत्रात अशाच एका रात्रीचं वर्णन केलं आहे. त्सफातला येण्याआधीची, बाल्कन प्रदेशातली ही गोष्ट. ते आणि योसेफ कारो काही मित्रांसह वाचत बसले होते. मध्यरात्री कारोंच्या तोंडून एक परका आवाज बोलू लागला. त्याने मंडळींचं कौतुक केलं, पण एक रुखरुखही बोलून दाखवली: तुम्ही दहा जण असता तर आणखी वर पोचला असता. दुसऱ्या रात्री त्यांनी दहा जमवले. (इस्रायलबाहेर हा सण दोन दिवस पाळतात, म्हणून दुसरी संधी मिळाली.) ज्यू कायद्याचा सगळ्यात काटेकोर संग्राहक हाच माणूस, आणि त्याच्या मुखातून असा आवाज बोलायचा. त्या आवाजाच्या बोलण्याची रोजनिशीही कारोंनी ठेवली होती. कायदेपंडित एका बाजूला आणि गूढवादी दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करू पाहणाऱ्यांनी आधी कारोंकडे पाहावं.

हे जागरण पसरलं कसं, याचं एक गमतीदार उत्तर इतिहासकार एलियट होरोविट्झ यांनी दिलं आहे: कॉफी. उस्मानी मुलखात कॉफी घराघरांत पोचली त्याच सुमाराला रात्रीचे विधीही फोफावले. हे सगळं कॉफीमुळेच झालं असं कुणी म्हणत नाही, पण पहाटे तीन वाजता तालमूद उघडून बसायचं तर पोटात काहीतरी हवंच. आज शावुओतच्या रात्री तेल अवीवमध्ये धर्माशी काडीचा संबंध नसलेले लोकही कविता, राजकारण, पर्यावरण अशा विषयांवर पहाटेपर्यंत व्याख्यानं ऐकत बसतात. जागरणाचं नाव तेच, तिक्कून.

पेसाह ते शावुओत या ४९ दिवसांचंही असंच झालं. तोरामध्ये हे दिवस मोजायला सांगितलं आहे, का ते फारसं सांगितलेलं नाही. सात आठवडे गुणिले सात दिवस. कबालावाद्यांनी खालच्या सात सेफिरोत त्यावर बसवल्या: पहिला आठवडा करुणेचा, दुसरा संयमाचा, आणि प्रत्येक आठवड्यात पुन्हा सातही. म्हणजे कुठलाही दिवस घ्या, 'करुणेतला संयम' किंवा 'संयमातली करुणा' असा त्याचा एक पत्ता निघतो. आज ज्यू ध्यानवर्गांमध्ये हे कोष्टक रोजच्या आत्मपरीक्षणासाठी वापरतात आणि मला ते या सगळ्या परंपरेतलं सगळ्यात वापरण्याजोगं साधन वाटतं. आज 'संयमातली करुणा' आहे म्हटल्यावर माणूस निदान विचार करतो की काल पोराला ओरडलो त्यात करुणा किती होती.

याच मोजणीतला ३३वा दिवस लाग बाओमर. शिमोन बार योखाय यांची पुण्यतिथी म्हणून त्सफातजवळच्या मेरोनला त्यांच्या कबरीपाशी मोठमोठ्या शेकोट्या पेटतात, नाच होतो, तीन वर्षांच्या मुलांचं जावळ काढतात. गर्दी लाखांत जाते. ३० एप्रिल २०२१ला मध्यरात्र उलटल्यावर तिथल्या एका अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन ४५ जणांचा जीव गेला.

करवसुलीच्या तारखेचं झाड

तू बिश्वात, म्हणजे शेवात महिन्याची पौर्णिमा, हे मोकळ्या जागेचं सगळ्यात शुद्ध उदाहरण. मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदच्या गाभ्यातल्या कायदेसंग्रहात, तिचा उल्लेख निव्वळ हिशेबाचा आहे. फळांचा दशमांश कुठल्या वर्षात धरायचा, त्यासाठी झाडांचं वर्ष कधी बदलतं? शम्माय यांच्या शिष्यांचं म्हणणं शेवातच्या १ तारखेला, हिलेल यांच्या शिष्यांचं १५ला. हिलेलवाले जिंकले. बस. सण नाही, प्रार्थना नाही. ३१ मार्चला जेवढा धार्मिक अर्थ आहे, तेवढाच.

त्सफातच्या परंपरेतल्या मंडळींनी तिथे फळांचा सेदर, म्हणजे ठरावीक क्रमाने करायचं विधीचं जेवण, बसवला. त्याची छापील संहिता १७३०च्या आसपास तुर्कस्तानातल्या इझमीरला निघालेल्या 'खेमदत यामीम' या ग्रंथात आहे. विश्वाचे चार स्तर, म्हणून द्राक्षारसाचे चार पेले. पहिला पांढरा, मग त्यात लाल मिसळत मिसळत शेवटचा जवळजवळ पूर्ण लाल. फळांचे तीन गट, प्रत्येकात दहा. ज्यांना वरून कवच असतं ती: अक्रोड, बदाम, डाळिंब, नारळ. ज्यांच्या पोटात आठळी असते ती: ऑलिव्ह, खजूर, जर्दाळू. आणि जी आख्खी खाता येतात ती: अंजीर, द्राक्षं. कवचाचं फळ म्हणजे आपलं हे जग, चांगलं ते आत आणि वरून कठीण टरफल. आठळीचं फळ म्हणजे त्याच्या वरचं जग, जिथे बाहेरून मऊ पण आत अजून गाठ. आख्खं फळ त्याहून वरचं. चौथ्या, सर्वोच्च जगासाठी फळ नाही.

या ग्रंथाचं नशीब गमतीचं आहे. त्यावर शब्बताय झ्वी या तोतया मसीहाच्या पंथाची छाया असल्याचा आरोप झाला (त्याची गोष्ट पुढे येईल), मोठमोठ्या रब्बींनी तो ग्रंथ झिडकारला, आणि तरी फळांचा सेदर लोकांनी सोडला नाही. विसाव्या शतकात झिओनिस्टांनी, म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र उभारू पाहणाऱ्यांनी, त्या दिवशी झाडं लावायची प्रथा रूढ केली, सत्तरच्या दशकानंतर अमेरिकेतल्या पर्यावरणवाद्यांनी जुना सेदर उकरून काढला. करवसुलीची तारीख आता ज्यूंचा 'वृक्षदिन' आहे.

याच पौर्णिमेला आपल्याकडे, रायगड जिल्ह्यात अलिबागजवळच्या खंडाळ्याला बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, जमतात. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, इथे अवतरला आणि रथातून स्वर्गात गेला. कातळावरच्या खुणा त्या घोड्यांच्या टापा आणि रथाच्या चाकोऱ्या. या जागेला 'एलियाहू हन्नबीचा टापा' म्हणतात, तिथल्या मेळ्याला जुनी माणसं उरूस म्हणत. तिथे मलिदा होतो. भिजवलेले पोहे, त्यात किसलेलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुकामेवा. भोवती फळं मांडलेली, सुवासासाठी फूल किंवा सब्जाची डहाळी. 'एलियाहू हन्नबी' हे गाणं म्हणायचं, मग एकेका पदार्थावर त्याचं त्याचं आशीर्वचन. खजुरावर झाडाच्या फळाचं, पण केळ्यावर जमिनीच्या पिकाचं, कारण ज्यू कायद्याने केळीला झाड मानलेलं नाही! मलिदा फक्त याच दिवशी नसतो. लग्न ठरलं, नवं घर घेतलं, दुखण्यातून माणूस उठला, परदेशी जायचं आहे, की नवस फेडायला मलिदा. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या मराठी ज्यूंनीही तो सोडलेला नाही.

हा मलिदा त्सफातहून आला का? वाटतं तसं, कारण फळं, आशीर्वचनं आणि तारीख तिन्ही जुळतात. पण मी हा संबंध जोडणार नाही. शेकडो वर्षं बाकी ज्यू जगापासून तुटलेल्या, तेल गाळून पोट भरणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणवल्या गेलेल्या या समाजाकडे तालमूदसुद्धा नव्हतं, मग कबाला कुठून असणार? अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या शिक्षकांनी त्यांना मुख्य प्रवाहाचे विधी शिकवले. मलिद्याच्या घडणीत नवस आहे, कोकणातल्या पीरांचा उरूस आहे, तारखेत ज्यू कॅलेंडर आहे. पुस्तकातून न आलेला गूढवाद असाही असतो. आणि तो कुणी सुरू केला, याचं एकही नाव सांगता येत नाही, हेच त्याचं वेगळेपण.

पुस्तकातली कबाला मात्र पुण्यात जरूर पोचली होती. थिओसॉफिकल सोसायटीत वावरणाऱ्या ए. डी. एझेकिएल या बगदादी ज्यू गृहस्थांनी १८८७ साली पुण्यात झोहरमधल्या 'इद्रा झुटा' या अत्यंत गूढ भागाचा ज्यू-अरबी (हिब्रू लिपीतला अरबी) अनुवाद छापला. हे लेखन सर्वसामान्यांच्या हातात द्यायचंच नाही, अशी जुनी रीत. त्यामुळे बगदादी धर्मपंडितांनी गहजब केला.

इतकी धास्ती कशाची?

धास्तीला कारण होतं आणि त्याचं नाव शब्बताय झ्वी. इझमीरचा हा माणूस १६६५ साली मसीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट पाहत होते तो तारणहार, म्हणून पुढे आला. लुरियांच्या कथेचं त्याच्या अनुयायांनी शेवटचं पान लिहिलं: ठिणग्या गोळा झाल्या, दुरुस्ती पूर्ण झाली, आता जुने नियम संपले. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक करायचा तिशा बआव हा उपास, जो योगायोगाने त्याचा जन्मदिवसही मानला जाई, त्याने मेजवानीचा दिवस करून टाकला. येमेनपासून अ‍ॅमस्टरडॅमपर्यंत लोक घरदार विकून निघायच्या तयारीत होते. १६६६च्या सप्टेंबरात सुलतानासमोर उभं केल्यावर झ्वीने इस्लाम स्वीकारला आणि सगळा डोलारा कोसळला.

त्यानंतर कबालाभोवती कुंपणं आली. १७५६ साली पूर्व युरोपात ब्रोडीच्या रब्बींनी फर्मान काढलं की तिशीच्या आत झोहर वाचायचा नाही आणि चाळिशीच्या आत लुरियांच्या शिकवणीला हात लावायचा नाही. 'चाळिशी उलटल्याशिवाय कबाला शिकू नये' असं आज सर्रास ऐकू येतं, ते फार पुरातन नाही. लुरिया स्वतः चाळिशी पाहूच शकले नाहीत.

हसिदी पंथ याच वातावरणात उगवला. बाल शेम तोव (मृत्यू १७६०) आणि त्यांच्या शिष्यांनी कबालातली गुंतागुंत बाजूला ठेवून तिचा रस तेवढा घेतला: ठिणग्या सगळीकडे आहेत, मग गाडीवानाच्या शीळेतही असणार. शब्दांविना गाणी, नाच, गोष्टी. १७७२ साली विल्नाच्या धुरीणांनी त्यांना वाळीत टाकलं. हसिदींपैकीच ब्रेस्लोवचे नाखमन यांचा एक उपदेश आजही हजारो लोक पाळतात: रोज तासभर एकट्याने शेतात किंवा रानात जा आणि आपल्या रोजच्या बोलीत देवाशी बोला, अगदी गाऱ्हाणी मांडा. हिब्रू यायलाच हवी असं नाही. रोश हशानाला, म्हणजे नव्या वर्षाला, युक्रेनमधल्या उमान गावी त्यांच्या कबरीपाशी हजारो लोक जातात. रशियाशी युद्ध सुरू झाल्यावरही हा ओघ थांबलेला नाही.

अमेरिकेत पुन्हा एकदा

झालमन शाख्टर-शालोमी (१९२४–२०१४) हे पोलंडमध्ये जन्मलेले, व्हिएन्नात वाढलेले, नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत आलेले हसिदी रब्बी. साठ-सत्तरच्या दशकांत त्यांनी एलएसडी घेऊन पाहिलं, सूफींबरोबर झिक्र केला, कॅथलिक भिक्षूंशी मैत्री केली आणि हळूहळू सनातनी पंथातून बाहेर पडले. त्यांच्याभोवती जी चळवळ उभी राहिली तिला ज्यूइश रिन्युअल म्हणतात. ध्यान, जप, नाच, स्त्री-पुरुषांना समान स्थान आणि जुन्या प्रत्येक विधीला 'याने माझ्यात काय घडतं?' हा प्रश्न. त्सफातमध्ये प्रश्न होता 'याने वर काय घडतं?'. विसाव्या शतकात वरचं जग आत आलं. मला यात काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, कारण 'मला बरं वाटतंय का' या कसोटीवर ज्यू कॅलेंडरातले निम्मे उपास टिकणार नाहीत. पण एरवी जी तरुण मुलं सिनेगॉगकडे फिरकलीही नसती ती या दारातून आत आली, हेही खरं.

१९९० साली काही रब्बी आणि अभ्यासक धरमशालेला दलाई लामांना भेटले. देश गमावलेल्या तिबेटींना विचारायचं होतं की दोन हजार वर्षं वनवासात राहून तुम्ही टिकलात कसे. त्या चर्चेत झालमन यांनी कबालातली चार जगं आणि देवदूत समजावून सांगितले आणि दलाई लामांचं कुतूहल सगळ्यात जास्त तिथेच चाळवलं. पुढे १९९७ साली वॉशिंग्टनमध्ये तिबेटसाठी झालेल्या सेदरला ते स्वतः बसले.

झालमन यांचे जुने सोबती श्लोमो कार्लेबाख. शुक्रवारच्या स्तोत्रांना त्यांनी दिलेल्या चाली आज सनातनी सिनेगॉगमध्येही गातात. १९९४ साली ते वारल्यानंतर अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. काही प्रार्थनासभांनी त्या चाली काही काळ बंद ठेवल्या, काहींनी कायमच्या. चाल आणि माणूस वेगळे करता येतात का, यावर अजून भांडण चालू आहे.

पेसाहचा सेदर तर प्रयोगशाळाच झाला. ४ एप्रिल १९६९, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला एक वर्ष झालं त्या रात्री, वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीयांच्या एका चर्चच्या तळघरात आर्थर वॉस्को यांनी लिहिलेला 'फ्रीडम सेदर' झाला. सुमारे ८०० लोक, काळे आणि गोरे, मिसरच्या गुलामगिरीच्या गोष्टीबरोबर अमेरिकेतल्या गुलामगिरीची गोष्ट सांगत बसले. त्यानंतर स्त्रियांचे, कामगारांचे, निर्वासितांचे सेदर आले. अमावास्येनंतरचा रोश होदेश हा दिवस तालमूदच्या काळापासून स्त्रियांच्या सुट्टीचा मानला जाई, कारण सिनायपाशी लोकांनी पुजलेलं सोन्याचं वासरू घडवायला त्यांनी दागिने द्यायचं नाकारलं होतं; सत्तरच्या दशकात तिथे स्त्रियांचे गट जमू लागले. अशाच एका बॉस्टनच्या गटातून ऐंशीच्या दशकात मिर्यामचा पेला आला. एलियाच्या द्राक्षारसाच्या पेल्याशेजारी पाण्याने भरलेला, मोशेच्या बहिणीच्या नावाचा. रोश होदेशला जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी स्त्रिया तोरा घेऊन जमतात, त्यावरून १९८८पासून दर महिन्याला वाद, कधी धक्काबुक्की, कधी कोर्टकचेरी सुरू आहे.

आणि संत्रं. अमेरिकेतल्या कितीतरी सेदरच्या ताटात आता एक संत्रं असतं आणि यजमान त्याची गोष्ट सांगतो: सुझाना हेशेल या विदुषी भाषण देत होत्या, तेव्हा एक म्हातारा ओरडला की बाईची जागा व्यासपीठावर असेल तर संत्र्याची जागाही सेदरच्या ताटात असेल! म्हणून आम्ही संत्रं ठेवतो. हेशेल वर्षानुवर्षं सांगत आहेत की असं काही घडलंच नाही. ऐंशीच्या दशकात एका कॉलेजात त्यांना कळलं की काही विद्यार्थिनी समलिंगी स्त्रियांच्या समर्थनार्थ ताटात पावाचा तुकडा ठेवतात. पेसाहच्या ताटात पाव म्हणजे सगळंच बाटलं, आणि समलिंगी असणं म्हणजे विटाळ असाच त्याचा अर्थ निघेल, म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी पावाऐवजी लहान संत्रं ठेवलं. प्रत्येकाने एक फोड खायची आणि बी थुंकायची, ती बी म्हणजे समलिंगींविषयीचा द्वेष. काही वर्षांत गोष्टीतले समलिंगी गायब झाले, बाईची कल्पना एका काल्पनिक पुरुषाच्या तोंडी गेली आणि संत्रं तेवढं राहिलं. कुणाकडे सेदरचं बोलावणं आलं आणि ताटात संत्रं दिसलं, तर मागची गोष्ट जरूर विचारा. बहुतेक वेळा म्हाताऱ्याचीच ऐकायला मिळेल.